इंटर्नशिप, ओजेटी, उमेदवारी: विद्यार्थी आणि पालक सतत विचारतात ते प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपचं समन्वयाचं कामही गेली काही वर्षं माझ्याकडेच आहे. फेब्रुवारी लागला की फोन आणि मेसेज सुरू होतात, ते जून संपेपर्यंत. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुलं आणि पालक जसं विचारतात तसेच ते ठेवलेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी आहेत, शेवटचे कुठेतरी अडलेल्यांसाठी.

१. इंटर्नशिप, ओजेटी, अप्रेंटिसशिप, आर्टिकलशिप... हे सगळं एकच का?

मूळ गोष्ट एकच. आपल्याकडे तिला जुना शब्द आहे, उमेदवारी. वकिलाकडे, छापखान्यात, सराफाच्या पेढीवर मुलगा आधी उमेदवारी करायचा आणि मग धंद्याला लागायचा. जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करायचं आणि त्याच्याकडून चुका दुरुस्त करून घ्यायच्या, एवढाच त्याचा अर्थ. मला आजही इंटर्नशिपपेक्षा हाच शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात काय करायचं ते सांगितलेलं आहे.

नियम मात्र वेगवेगळे आहेत. ओजेटी म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग', तुमच्या अभ्यासक्रमातला क्रेडिट मिळणारा भाग. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. तिच्यात नोंदणी झालेला करार असतो आणि किमान विद्यावेतन द्यावंच लागतं. आर्टिकलशिप ही सीए होणाऱ्यांची. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. बाकी सगळं ज्याला नुसतं 'इंटर्नशिप' म्हणतात, त्याला असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे तिथे आधी काय ठरवून घेता याला फार महत्त्व आहे.

२. आमच्या कोर्सला ती सक्तीची आहे का? किती तास भरावे लागतात?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला क्रेडिटची ओजेटी आहे. बहुतेक ठिकाणी ती तिसऱ्या वर्षात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) हिशोबाने इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे किमान ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस झाले. कोणत्या सत्रात, कोणत्या विषयाशी जोडून, हे प्रत्येक विद्यापीठाने आपापलं ठरवलं आहे. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक महाविद्यालयातून मागून घ्या. सीनियरने सांगितलेल्या तासांवर जाऊ नका, अभ्यासक्रम मध्येच बदलले आहेत.

व्यावसायिक कोर्सचे नियम फार आधीपासून आहेत. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे. डी.फार्म.ला ५०० तास. एमबीबीएसला शेवटचं एक वर्ष. बी.एस्सी. कृषीची मुलं-मुली शेवटच्या वर्षी गावात राहून ग्रामीण कृषी कार्यानुभव करतात. गावोगावी 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' दिसतात ते हेच.

३. खरं सांगा मॅडम, उपयोग होतो का? की नुसतं सर्टिफिकेट?

होतो. पण कशामुळे होतो ते आमच्या एका मुलीच्या उदाहरणावरून सांगते.

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असताना ती एका कर सल्लागाराकडे जात होती. जीएसटीच्या पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला 'टू-बी' नावाचं विवरण येतं. दुकानदाराला माल देणाऱ्यांनी कोणकोणती बिलं दाखवली, ते त्यात दिसतं. ते दुकानदाराच्या खरेदीवहीशी ताडून पाहायचं, हे तिचं काम. एका हार्डवेअर दुकानदाराच्या वहीत खरेदीचं एक लाखाचं बिल होतं, पोर्टलवर नव्हतं. त्या बिलावरचा १८,००० रुपये कर म्हणजे त्या दुकानदाराचे अडकलेले पैसे. तिने आधी त्या ओळीवर 'जुळत नाही' असं लिहून फाईल पुढे सरकवली. सल्लागारांनी पेन्सिलीने त्याला गोल केला आणि एवढंच विचारलं, "का जुळत नाही?" मग तिला पुरवठादाराला फोन करावा लागला. काय बोलायचं ते तिने आधी कागदावर लिहून काढलं होतं, तो कागद तिने मला नंतर दाखवला. पुरवठादाराने ते बिल सारख्याच नावाच्या दुसऱ्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर चढवलं होतं. पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती झाली आणि पैसे सुटले.

इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेणं, मी वर्गात शिकवते, आणि बरं शिकवते असं मला वाटतं. पण "का जुळत नाही?" हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता, कारण पुस्तकातली उदाहरणं जुळतातच. अनोळखी माणसाला कामाचा फोन करणं, दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी अंगावर घेणं, आपल्या अर्धवट कामावर कोणाचा तरी गोल बघणं, हे तिला तिथे मिळालं. त्या पेन्सिलीच्या गोलातच सगळं आलं.

म्हणून इंटर्नशिप निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: माझं काम रोज तपासणार कोण? माणसाचं नाव मिळालं तर छोट्या ऑफिसातही जा. नाव मिळालं नाही तर कंपनी कितीही मोठी असो, दोनदा विचार करा.

४. कोणत्या वर्षी करावी? पहिल्या वर्षाला लवकर होते का?

पहिल्या वर्षी दोन-तीन आठवडे पुरे. काम कसं चालतं ते बघायला जायचं, फार अपेक्षा ठेवायची नाही. दुसऱ्या वर्षानंतरची सुट्टी सगळ्यात चांगली. विषय थोडा कळलेला असतो, आणि आवडलं नाही तर दिशा बदलायला एक वर्ष हातात असतं. 'हे काम माझं नाही' हे विसाव्या वर्षी कळलं तर तो फायदाच आहे. आमच्या एका मुलाला बँकेतच जायचं होतं. पतसंस्थेत महिनाभर बसल्यावर त्याला दिवसभर काउंटर नको, वसुलीसाठी गावोगाव फिरणं आवडतं हे समजलं. आज तो त्याच क्षेत्रात आहे आणि रमला आहे.

५. आमच्या तालुक्यात कंपन्याच नाहीत. पुण्या-मुंबईलाच जावं लागेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण विचारणारा रोज चार चांगल्या जागांवरून कॉलेजला येत असतो.

तालुक्याला सूतगिरणी किंवा साखर कारखाना असतो. दूध संघाचं शीतकरण केंद्र असतं, तिथे प्रयोगशाळा असते. पतसंस्था, बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपन्या, रुग्णालयांच्या पॅथॉलॉजी लॅब, वर्तमानपत्रांची जिल्हा कार्यालयं, पंचायत समिती हे सगळं तिथेच असतं. लातूरला डाळमिल, सांगलीला हळदीचा बाजार, इचलकरंजीला कापड, सोलापूरला चादरी आणि टॉवेल, नाशिककडे द्राक्षं आणि कांदा, जळगावला केळी. प्रत्येक मालामागे हिशोब, तपासणी, साठवण, वाहतूक, विक्री आलीच.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने आहेत. रसायनशास्त्राचा आमचा एक विद्यार्थी तिथल्या एका फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये गेला. साचा ज्या वाळूचा बनतो ती तपासायची: वजन करायचं, सुकवायची, पुन्हा वजन करायचं, फरकावरून ओलावा काढायचा. प्रयोगशाळेत आम्ही हेच करून घेतो आणि मुलं आकडे एकमेकांच्या वहीतून उतरवतात. तिथे मात्र पावसाळ्यात ओलावा वाढला, साच्यात वाफ कोंडली, आणि दुसऱ्या दिवशी कास्टिंगला भोकं पडलेली त्याने डोळ्यांनी पाहिली. रिजेक्ट झालेला तो ढीग बघितल्यावर त्याने एकही आकडा उतरवून घेतला नाही. ही फाउंड्री त्याच्या घरापासून बसने चाळीस मिनिटांवर होती.

शहरात राहणं परवडत असेल आणि काम खरंच तिथेच असेल तर जरूर जा. चाकण, हिंजवडी, बीकेसीत शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण फक्त नावासाठी कॉट बेसिसवर राहून दीड महिना लिफाफ्यांवर पत्ते चिकटवू नका.

६. ओळख नाही. मग मिळवायची कशी?

स्वतः जाऊन. छोट्या शहरात ईमेलपेक्षा प्रत्यक्ष भेट जास्त चालते. सकाळी दहाला किंवा दुपारी चारनंतर जा. महाविद्यालयाचं पत्र, एक पानी बायोडेटा आणि एक वही जवळ ठेवा. बोलणं थोडकं असू द्या: "मी अमुक महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात तीस दिवस, रोज सहा तास येऊ शकते. टॅली येतं, टू-बी जुळवणं शिकायचं आहे. आठवडाभर पाहा आणि मग ठरवा." काय येतं, काय शिकायचंय आणि किती वेळ आहे, हे तीन मुद्दे सांगितले की समोरचा माणूस ऐकून घेतो. "काहीही काम द्या" म्हटलं तर त्याला तुमच्यासाठी काम शोधत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

वेळेचाही विचार करा. सीए आणि कर सल्लागारांकडे जुलैपासून विवरणपत्रांची आणि ऑडिटची धांदल असते. तेव्हा हात हवे असतात, शिकवायला मात्र वेळ नसतो. मेमध्ये गेलात तर जुलैपर्यंत उपयोगी पडायला लागाल. तोवर तेच थांबायला सांगतील.

मोठ्या संस्थांच्या तारखा फार आधी असतात. रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी योजनेसाठी पदव्युत्तर आणि विधी शाखेचे विद्यार्थी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अर्ज करतात. अभियांत्रिकीवाल्यांनी एआयसीटीईचं इंटर्नशिप पोर्टल पाहावं. विज्ञान आणि कला शाखेसाठी प्रश्न ११ आणि १२ पाहा.

७. अनुभवच नाही तर बायोडेटात लिहू काय?

केलेल्या गोष्टी लिहा. गणेश मंडळाचा जमाखर्च ठेवला असेल तर लिहा. एनएसएसच्या शिबिरात सर्वेक्षण केलं असेल तर किती घरं, कोणता विषय, ते लिहा. घरच्या द्राक्षबागेचे फवारणीचे हिशोब ठेवत असाल तर तेही. 'हार्डवर्किंग, टीम प्लेयर' हे शब्द काढून टाका, प्रत्येकाच्या कागदावर तेच असतात. एका पानाच्या वर जाऊ नका, आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे.

८. इंग्रजी येत नाही, म्हणून भीती वाटते.

जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक काम मराठीतच चालतं. कागदपत्रांपुरतं इंग्रजी वाचता आलं तरी निभतं. तिथे रोज भेटणारे पन्नास-साठ शब्द असतात, ते वहीत लिहून पाठ करा. महिन्याभरात ती वही भरते. भीती बऱ्याचदा इंग्रजीची नसते, अनोळखी माणसांसमोर तोंड उघडण्याची असते, आणि ती कामाला लागल्यावरच कमी होते.

९. स्टायपेंड मिळायलाच हवा का? फुकट करावी का?

साध्या इंटर्नशिपला स्टायपेंड द्यावाच असा कायदा नाही. अप्रेंटिसशिपला तो आहे (प्रश्न १). आता माझं मत. १२० तासांची ओजेटी, घरून ये-जा आणि शिकवणारा माणूस समोर असेल, तर पैसे मिळाले नाहीत तरी करावी. तिथे तुम्ही त्यांचा वेळ घेता, तेवढं काम अजून देत नसता.

तीन-चार महिने पूर्ण वेळ काम, आणि तेही पगारी माणसाच्या जागेवरचं, असं असेल तर फुकट करू नये. ते शिकणं राहत नाही. त्याची झळ गरीब घरातल्या मुलांना सगळ्यात जास्त बसते. ज्यांच्या घरून दरमहा पैसे येतात तेच शहरात बिनपगारी राहू शकतात, आणि पुढे 'अनुभव' म्हणून तेच मोजलं जातं. मालक मंडळी हे वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती: किमान प्रवासखर्च आणि दुपारचं जेवण द्या. अनेक मुलं एसटीच्या भाड्यासाठी जागा सोडतात आणि आम्हाला 'आवडलं नाही' असं सांगतात.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'ची परंपरा आहे, विद्यापीठांतही त्या नावाने योजना चालतात. त्यातले तास आणि ओजेटीचे तास वेगळे धरतात. दोन्ही एकाच वेळी करायचं असेल तर आधी समन्वयकांशी बोला.

१०. सिलेक्शन झालं म्हणून मेल आलाय, १,४९९ रुपये रजिस्ट्रेशन भरायला सांगतात. भरू का?

नाही. काम देणारा पैसे मागत नाही. 'डिपॉझिट', 'लॅपटॉपचं कुरिअर', 'सर्टिफिकेट फी' ही सगळी त्याचीच रूपं.

याचा आणखी एक प्रकार आहे. मुलाखत न घेता निवड होते, चार व्हिडिओ दिले जातात, ठरावीक प्रोजेक्ट डाउनलोड करून पुन्हा अपलोड करायचा आणि रंगीत सर्टिफिकेट घ्यायचं. ही फसवणूक म्हणून सिद्ध करता येत नाही, पण ती इंटर्नशिप नाही. मुलाखतीत "तिथे कोणाच्या हाताखाली होतास?" एवढं विचारलं की संपतं.

पैसे गेले असतील तर लाज वाटून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

११. मी बी.ए.ला आहे, मराठी आणि इतिहास. आम्हाला कोण घेणार?

तुमच्या वाट्याला आलेली कामं मला स्वतःला फार मोलाची वाटतात. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कोल्हापूरला पुरालेखागार आहे. मोडी वाचता येत असेल तर तुमची गरज आहे, कारण कागद लाखोंनी आहेत आणि वाचणारे थोडे. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, आधी ते करा. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. जिल्ह्याची वस्तुसंग्रहालयं, शतकापूर्वीची सार्वजनिक वाचनालयं, प्रकाशकांकडचं मुद्रितशोधन, मराठीत मजकूर लागणाऱ्या संस्था, बालभवनं ही यादी बरीच लांबते. यांपैकी बहुतेकांची जाहिरात निघत नाही. पत्र लिहावं लागतं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा जाऊन विचारावं लागतं.

१२. बी.एस्सी.नंतर संशोधनात जायचंय. कंपनीऐवजी संस्थेत करता येईल का?

येईल, आणि तीच करावी. पुण्याची आयसर आणि आयुका, मुंबईची टीआयएफआर, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम घेतात. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. अर्ज साधारण हिवाळ्यातच सुटतात, म्हणून दिवाळीनंतर संकेतस्थळं बघत राहा. शिफारसपत्र लागतं. ज्या प्राध्यापकांना तुमचं नाव माहीत आहे त्यांच्याकडेच मागा, आणि आठवडाभर आधी मागा.

१३. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत किंवा मुख्यमंत्र्यांच्या योजनेत कॉलेज करता करता भाग घेता येतो का?

नियमित महाविद्यालयात शिकत असाल तर सुरुवातीच्या अटींनुसार नाही. यावर दर वर्षी गोंधळ होतो.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. सुरू झाली तेव्हाच्या अटी अशा: वय २१ ते २४, बारा महिने मोठ्या कंपनीत, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदा ६,००० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि पूर्ण वेळ शिक्षण किंवा पूर्ण वेळ नोकरी चालू नसावी. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांना मात्र मुभा. म्हणजे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी करणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावं.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही २०२४ चीच, १८ ते ३५ वयोगटासाठी. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. तिथेही शिक्षण चालू असलेले पात्र नाहीत. आणि प्रशिक्षणानंतर त्याच जागी कायम करतील असं गृहीत धरू नका. ती आशा बाळगून थांबलेल्या अनेकांची फार निराशा झाली आहे.

पदवी हातात आल्यावर तिसरी वाट म्हणजे केंद्राच्या नॅट्स पोर्टलवरून कायद्याखालची अप्रेंटिसशिप. माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात भरवशाची. अटी बदलत असतात, अर्ज करण्याआधी त्या-त्या पोर्टलवर वाचा.

१४. पंधरा दिवस झाले, झेरॉक्स काढणं आणि फायली लावणं एवढंच देतात.

पहिला आठवडा तसा जाणं वाईट नाही. फायली लावताना त्या उघडून वाचा, कोणत्या कामाला कोणता कागद लागतो ते तिथेच कळतं. पण पंधरा दिवसांनीही तेच चालू असेल तर बोला. तक्रारीच्या सुरात बोलू नका, काम नेमकं मागा: "सर, आजचा बँकेचा ताळमेळ मी करून ठेवू का? तुम्ही संध्याकाळी पाच मिनिटं बघा." बहुतेक लोक हो म्हणतात. मुद्दाम कोणी टाळत नसतं, तुम्हाला काय येतं ते त्यांना माहीत नसतं. तरी फरक पडला नाही तर समन्वयकांना सांगा. आम्ही फोन करतो, आणि गरज पडली तर जागा बदलून देतो.

१५. रोजनिशी आणि अहवाल कसा लिहायचा? शेवटी एकदम लिहिला तर चालतो का?

चालत नाही, आणि आम्हाला ओळखू येतो. शाई, अक्षर, वाक्य सगळं एकसारखं असतं. रोज संध्याकाळी चार ओळी लिहा: आज काय केलं, कुठे अडलं, कोणी कसं सोडवलं, उद्या काय विचारायचं. 'आज बरेच काही शिकायला मिळाले' हे वाक्य मी दर वर्षी शेकड्याने वाचते. त्याऐवजी 'चलनाचा क्रमांक उलटा टाकला, दोन तास गेले' हे लिहा. मुलाखतीत तेच आठवतं.

अहवालात कंपनीचा इतिहास दहा पानं नको, एक पुरे. ग्राहकांची नावं, पॅन, रुग्णांची माहिती अहवालात कधीही घालू नका.

१६. काकांच्या दुकानात किंवा वडिलांच्या कारखान्यात केलेली धरतात का?

काही विद्यापीठं चालवून घेतात, काही नाही. परिपत्रक पाहा. धरली तरी मी नको म्हणेन. घरच्या माणसाच्या 'चुकलं' म्हणण्याला ती धार येत नाही. घरच्या धंद्यातच पुढे जायचं असेल तर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाकडे महिनाभर जा. हार्डवेअरवाल्याच्या मुलाने घाऊक व्यापाऱ्याकडे, हॉटेलवाल्याच्या मुलीने दुसऱ्या गावच्या हॉटेलात. तिथून परत आल्यावर घरचं दुकान वेगळंच दिसतं.

१७. मुलीला दीड महिना शहरात पाठवायचंय. काळजी वाटते, काय बघावं?

काळजी वाटणं बरोबरच आहे. पहिल्या दिवशी सोबत जा, ऑफिस कुठे आहे, किती माणसं आहेत, सुटायची वेळ काय, ते डोळ्यांनी बघा. राहण्याची जागा कामाच्या जवळ घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

कायदाही माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे, स्टायपेंड असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल, किंवा ऑफिस त्याहून लहान असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुदत साधारण तीन महिन्यांची. आणि एक विनंती: अशा वेळी मुलीने फोन केला तर "मग परत ये" याआधी "काय झालं ते सांग" म्हणा. परत बोलावून घेतील या धाकाने कितीतरी मुली घरी काहीच सांगत नाहीत.

१८. मूळ मार्कशीट जमा करायला सांगतात, बॉण्डही लिहून मागतात.

मूळ कागद देऊ नका. दाखवा आणि परत घ्या, झेरॉक्सवर 'फक्त इंटर्नशिपसाठी' असं लिहून सही करा. गोपनीयतेच्या कागदावर सही मागणं रास्त आहे. 'मध्ये सोडल्यास अमुक हजार भरीन' असा कागद असेल तर सही करण्याआधी तो महाविद्यालयात आणून दाखवा. घाई करायला लावत असतील तर ती जागा सोडा.

१९. मध्येच सोडली तर? किंवा पूर्ण करूनही सर्टिफिकेट दिलं नाही तर?

सोडायची असेल तर सांगून सोडा, अर्धवट काम कुठवर आलंय ते एका कागदावर लिहून देऊन. फोन बंद करून गायब होऊ नका. पुढच्या वर्षी तिथे आमच्या मुलांना कोणी घेत नाही, हे अनुभवाने सांगते. क्रेडिटचे उरलेले तास दुसरीकडे भरता येतील का, ते समन्वयकांना विचारा.

सर्टिफिकेट अडवलं गेलं तर हजेरीपत्रक, रोजनिशी आणि ईमेल कामी येतात. हजेरीवर दर आठवड्याला सही घ्या, शेवटी एकदम नको. माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच अडवलं गेलं होतं. त्याच्याकडे सहा आठवड्यांच्या सह्या होत्या, म्हणून महाविद्यालयाला त्याचे तास धरता आले.

२०. मी तिथे लिहिलेला कोड किंवा लेख माझा की त्यांचा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, सहसा मालकाचा. साध्या इंटर्नशिपमध्ये कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं. म्हणून सुरुवातीलाच विचारा: "हे काम पुढे नमुना म्हणून दाखवलं तर चालेल का?" होकार ईमेलवर घ्या. न विचारता कोड स्वतःच्या खात्यावर टाकू नका.

२१. स्टायपेंडमधून टीडीएस कापला. आता?

घाबरू नका. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. वर्षाचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का, ते आयकराच्या पोर्टलवर बघा. दिसत नसेल तर लगेच त्या ऑफिसला कळवा. पॅनच दिला नसेल तर २० टक्क्यांनी कापतात आणि परत मिळवणं अवघड होतं, म्हणून रुजू होण्याआधी पॅन काढून घ्या आणि तो आधारशी जोडलेला आहे ना, तेही तपासा.